बालमन, श्रद्धा आणि चारित्र्य : मराठी ख्रिस्ती मंडळीचा अनुभव

मुलाला लिहावयास-वाचावयास शिकविणे हे शाळेचे काम, याविषयी आज कोणाचे दुमत नाही. पण मुलाने खोटे बोलू नये, दुबळ्याला छळू नये, दिलेला शब्द पाळावा, संकटात धीर सोडू नये, हे त्याला कोणी शिकवावे? आईबापांनी, असे उत्तर चटकन येते. पण आईबाप दिवसभर शेतात, गिरणीत किंवा कचेरीत असतात. शाळेला अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई असते. म्हणून प्रत्येक समाजाने या कामासाठी घर आणि शाळा यांच्या जोडीला तिसरी एखादी जागा निर्माण केलेली दिसते. कोठे ती कीर्तनाची आहे, कोठे मदरशाची, कोठे सेवादलाच्या शाखेची. ख्रिस्ती समाजात ही जागा म्हणजे मंडळीची रविवारची शाळा. मराठी ख्रिस्ती लोक तिला शब्बाथ शाळा असेही म्हणतात.

या शाळेत श्रद्धा आणि चारित्र्य यांची जोपासना कशी होते, तिला यश कितपत येते आणि तिच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय एका धर्मसमाजाचा असला तरी प्रश्न सर्वांचा आहे. बालमनावर संस्कार करू पाहणाऱ्या कोणत्याही संस्थेला हेच प्रश्न टाळता येत नाहीत.

आपला प्रदेश

सौंसर आणि पांढुर्णा हा संत्र्यांचा व कापसाचा मुलूख. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा नागपूर व विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि हा मराठी बोलणारा पट्टा मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. घरात मराठी, कचेरीत व बहुतेक शाळांत हिंदी, अशी येथल्या मुलांची दुहेरी भाषा आहे. सीमाभागात राहणाऱ्या आपल्या कन्नड व मराठी वाचकांना ही स्थिती मुद्दाम समजावून सांगण्याची गरज नाही.

या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना ख्रिस्ती कार्याचा इतिहास जुना आहे. दक्षिणेस नागपूर. तेथे १८४५ साली स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप आले. त्यांनी शाळा काढली, गोंड लोकांच्या भाषेचा व चालीरीतींचा अभ्यास केला, आणि १८६३ साली ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. त्यांच्याच नावाने १८८३ साली हिस्लॉप कॉलेज निघाले. उत्तरेस छिंदवाडा. स्वीडनच्या ल्यूथरन मिशनचे लोक १८७७ साली मध्य प्रांतात आले आणि पुढे छिंदवाडा हे त्यांच्या कार्याचे एक मुख्य ठाणे झाले. मध्य प्रदेशातील इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्चचे मुख्य ठिकाण आजही तेथेच आहे. उत्तर भारतातील सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले तेही २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच. सारांश, सौंसरच्या रस्त्याने ज्या दोन शहरांकडे जाता येते त्या दोन्ही शहरांत रविवारी सकाळी मुलांचे वर्ग भरण्याची प्रथा शतकाहून जुनी आहे.

रविवारची शाळा निघाली कशी?

रविवारची शाळा प्रथम निघाली ती धर्मशिक्षणापेक्षा अक्षरओळखीसाठी, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. १७८० साली इंग्लंडातील ग्लॉस्टर गावी रॉबर्ट रेक्स नावाचे एक वृत्तपत्रकार होते. तुरुंगातील कैद्यांची दैना पाहून हे लोक गुन्ह्याकडे वळण्याआधीच त्यांना गाठले पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले. गावातील गरिबांची मुले आठवड्याचे सहा दिवस कारखान्यांत राबत आणि रविवारी रस्त्यावर हुंदडत. रेक्स यांनी पगार देऊन काही बायांना शिकविण्यास नेमले आणि या मुलांना रविवारी वाचन, बायबल व धर्मपाठ शिकविण्याची व्यवस्था केली. सुट्टीच्या पवित्र दिवशी शाळा भरविणे हे पाप आहे, अशी ओरड तेव्हा काही धार्मिक लोकांनीच केली. तथापि ही चळवळ काही वर्षांतच देशभर पसरली. सरकारी प्राथमिक शिक्षण इंग्लंडात सर्वत्र पोहोचले ते १८७० नंतर. तोवरच्या नव्वद वर्षांत असंख्य कामकरी मुलांना अक्षरओळख झाली ती या रविवारच्या वर्गांतून.

आपल्याकडे हा क्रम थोडा वेगळा पडला. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले. त्यांनी व इतरांनी आधी रोजच्या शाळा काढल्या. रविवारच्या शाळा मंडळ्यांबरोबर वाढत गेल्या, आणि १८७६ साली ‘इंडिया संडे स्कूल युनियन’ ही संस्था स्थापन झाल्यावर निरनिराळ्या पंथांच्या वर्गांना समान पाठ, शिक्षकांचे प्रशिक्षण व परीक्षा यांची जोड मिळाली.

या उगमातून एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. ज्या वर्गाने मुलाची खरी गरज ओळखली तोच वर्ग टिकला. रेक्सच्या काळी ती गरज अक्षरांची होती. आजच्या मुलाची गरज कोणती, हा प्रश्न पुढे येणारच आहे.

मातृभाषेचे महत्त्व

श्रद्धा ही परक्या भाषेत पाठ करता येते, पण रुजत नाही. मराठीतील ख्रिस्ती परंपरेला ही जाणीव फार आधी झाली. १५७९ साली गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी बायबलातील कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत मराठीत गुंफल्या. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. नव्या ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी मनाला धरून ठेवणारे काही उरले नव्हते. ती उणीव भरून काढणे हा त्या रचनेचा हेतू होता. स्टीफन्स यांनीच मुलांसाठी व नवशिक्यांसाठी कोकणीत प्रश्नोत्तररूप धर्मपाठाचे पुस्तकही तयार केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली प्रसिद्ध झाले. एक ग्रंथ ऐकण्यासाठी, दुसरा पाठांतरासाठी. बालशिक्षणाची ही दोन्ही अंगे त्यांनी चारशे वर्षांपूर्वी ओळखली होती.

कन्नडमध्ये हेच काम बासेल मिशनच्या फर्डिनांड किट्टेल यांनी केले. १८९४ सालच्या कन्नड-इंग्रजी कोशामुळे त्यांचे नाव सर्वांस परिचित आहे. पण त्याच्या कितीतरी आधी, १८६२ साली, त्यांनी ‘कथामाले’ या काव्यात येशूचे चरित्र कन्नडच्या देशी छंदांत बांधले होते.

एकोणिसाव्या शतकात मराठी ख्रिस्ती मंडळीत कृष्णरावजी सांगळे यांनी गीतांतून व कीर्तनातून आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंग, भजने व कविता यांतून ही परंपरा पुढे नेली. टिळकांची गोष्ट तर आपल्याच प्रदेशाशी निगडित आहे. ते काही काळ नागपुरास होते. तेथून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका मिशनऱ्याशी त्यांची गाठ पडली व त्याने त्यांच्या हाती बायबल दिले. पुढे १८९५ साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. विदेशी चालींवर बेतलेली भाषांतरित गीते गाऊन मराठी माणसाचे अंतःकरण हलणार नाही, हे त्यांनी जाणले होते. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना-संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची गीते मोठ्या संख्येने आहेत, आणि रविवारच्या शाळेतील मूल अक्षरे नीट जुळवू लागण्याआधीच ती गुणगुणू लागते. अमेरिकन मिशनचे ‘बालबोधमेवा’ हे मासिकही येथे आठवावयास हवे. मराठीत मुलांसाठी निघालेल्या आरंभीच्या मासिकांत त्याची गणना होते.

अलीकडच्या काळातही हा प्रवाह थांबलेला नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० साली प्रसिद्ध झाले. आजच्या मुलाला कळेल अशी मराठी त्यात मुद्दाम योजलेली आहे.

सौंसर-पांढुर्ण्याच्या मुलांच्या बाबतीत मातृभाषेचा हा प्रश्न अधिकच नाजूक आहे. शाळेत हिंदी, मोबाइलवर हिंदी व इंग्रजी, आणि आजीच्या तोंडी नागपुरी वळणाची मराठी. मूल प्रार्थना कोणत्या भाषेत करते यावरून त्याची श्रद्धा घरात रुजली आहे की केवळ वर्गात, हे पुष्कळदा कळते. हिंदीचा वर्ग वाईट असे नव्हे. पण आजीला न कळणाऱ्या भाषेत मुलाचा धर्म शिकविला गेला तर घरातील सर्वांत मोठा शिक्षक बाजूला पडतो.

मुक्तीचा धडा

बालमन, श्रद्धा आणि चारित्र्य यांचा विचार पंडिता रमाबाईंना वगळून मराठीत करताच येणार नाही. १८८९ सालच्या ११ मार्चला त्यांनी मुंबईस शारदा सदन उघडले. अमेरिकेतील वास्तव्यात त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला होता, आणि खेळ, चित्रे व हस्तकाम यांतून शिकविण्याची ती रीत त्यांनी येथे आणली. रमाबाई स्वतः ख्रिस्ती, पण सदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, प्रत्येकीने आपले आचार पाळावेत, असे ठरलेले होते. पुढे सदन पुण्यास आले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन तेथे जाऊन बसू लागल्या. यावरून १८९३ साली मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. काही पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादात दोन्ही बाजूंना काही वजन होते, हे आज शांतपणे पाहता येते. पालकांचा प्रश्न असा : आम्ही मुलगी शिक्षणासाठी दिली, तिची श्रद्धा बदलावी म्हणून नव्हे. रमाबाईंचा प्रश्न असा : मी कोणावर जबरदस्ती करीत नाही, मग माझी प्रार्थना मी दार लावून चोरट्यासारखी का करावी? शिक्षकाच्या आचरणाचा मुलावर परिणाम होतोच. त्याने तोंडाने धर्म शिकवला नाही तरी त्याचे जीवन मूल वाचीत असते. तेव्हा परिणामाची जबाबदारी टाळता येत नाही आणि आपली श्रद्धा लपवूनही चालत नाही, अशा कात्रीत प्रत्येक प्रामाणिक शिक्षक सापडतो.

पुढे १८९६-९७ चा दुष्काळ पडला. त्याची सर्वांत भीषण झळ मध्य प्रांताला लागली. रमाबाई मध्य प्रांतात आल्या, उपासमारीने सांगाडे झालेल्या मुली त्यांनी पाहिल्या आणि शेकडोंनी मुली केडगावास आपल्याबरोबर नेल्या. तेथेच मुक्ती सदन उभे राहिले. म्हणजे मुक्तीच्या आरंभीच्या रहिवाशांत आपल्या या विभागातील लेकी होत्या, हे आपण विसरू नये.

मुक्तीत श्रद्धा शिकविली गेली ती नुसत्या पाठांतरातून नव्हे. शेती, विणकाम, गुरांची निगा, स्वयंपाक, छापखाना अशी कामे मुलींनी वाटून घेतली. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांनी ब्रेल लिपी शिकून अंध मुलींसाठी वर्ग चालविला. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेले बायबलचे भाषांतर मुक्तीतल्याच छापखान्यात मुलींनी व स्त्रियांनी जुळवले आणि छापले. ज्या मुलीला कोणीही विचारीत नव्हते, तिच्या हाती धर्मग्रंथाचे खिळे आले. आपण उपयोगी आहोत, आपल्यावर कोणी विश्वास टाकला आहे, ही जाणीव चारित्र्याचा पाया घालते. उपदेशाने ती क्वचितच येते.

वर्ग चालतो कसा?

आता प्रत्यक्ष वर्गाकडे वळू. साधारणपणे रविवारी उपासनेच्या आधी किंवा तिच्याच वेळी मुले वयाप्रमाणे गटांत बसतात. लहान गटात गीत, कृतीगीत, एक गोष्ट, रंगविण्याचे चित्र आणि छोटी प्रार्थना असते. मोठ्या गटात बायबलचा पाठ, चर्चा आणि एखादे वचन तोंडपाठ करणे असते. नाताळात नाटिका व ताऱ्याची मिरवणूक, उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांची सुट्टीतील बायबल शाळा, हंगामाच्या सणाला शेतातील पहिले पीक वेदीपाशी आणणे, असा वर्षाचा क्रम असतो.

याशिवाय मंडळीच्या संस्कारांचा एक वेगळा क्रम आहे. कॅथलिक, ल्यूथरन व चर्च ऑफ नॉर्थ इंडिया यांसारख्या मंडळ्यांत तान्ह्या बालकाला बाप्तिस्मा देतात. त्या वेळी आईबाप व धर्ममातापिता त्याच्या वतीने वचन देतात आणि मूल जाणते झाल्यावर दृढीकरणाच्या विधीत ते वचन स्वतःच्या तोंडाने घेते. दृढीकरणापूर्वी काही महिने वर्ग असतो. बॅप्टिस्टांसारखे काही पंथ मात्र व्यक्तीने स्वतः समजून निर्णय घेईपर्यंत बाप्तिस्मा देत नाहीत. वरवर हा वाद पाण्याचा वाटतो. पण त्याच्या मुळाशी दोन खऱ्या जाणिवा आहेत : मूल जन्मापासून मंडळीचे आहे ही एक, आणि श्रद्धा कोणालाही वारशाने मिळत नाही ही दुसरी. बालसेवेत दोन्हींची गरज असते.

गोष्ट हे या वर्गाचे मुख्य साधन. येशूने स्वतः दाखल्यांतून शिकविले. वाटेत लुटल्या गेलेल्या जखमी माणसाला आपल्या धर्माचे मोठे लोक टाळून गेले आणि तिरस्कृत जातीच्या शोमरोनी माणसाने उचलले, ही गोष्ट सात वर्षांच्या मुलालाही कळते. चांगला शिक्षक गोष्ट सांगून तात्पर्य स्वतः सांगत नाही. तुझ्या वर्गात असा कोण आहे की ज्याच्याशी कोणी बोलत नाही, एवढेच विचारतो आणि थांबतो.

हाताला लागणारी सवयही तितकीच मोलाची. मिझोराममध्ये स्वयंपाक करताना दर वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढण्याची प्रथा आहे. घरातील मूल ते रोज पाहते. मुठीत काही फार मोठे दान नसते, पण आपल्या ताटाच्या आधी दुसऱ्याचा वाटा निघतो ही गोष्ट मूल न सांगता शिकते.

यश कितपत?

येथवर वाचून कोणी म्हणेल, की मग रविवारच्या शाळेत जाणारी सर्व मुले सच्छील निपजत असतील. वस्तुस्थिती इतकी सोपी नाही. अमेरिकेत ह्यू हार्टशोर्न व मार्क मे या दोघा संशोधकांनी १९२८ ते १९३० या काळात दहा हजारांहून अधिक मुलांवरील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. फसवणूक करण्याची संधी दिली तर मुले काय करतात, हे त्यांनी पाहिले. प्रामाणिकपणा चांगला, हे तोंडाने सांगणारी मुले प्रसंगी प्रामाणिक राहतीलच असे आढळले नाही. रविवारच्या शाळेतील हजेरी किंवा चारित्र्यशिक्षणाचे वर्ग यांनीही वर्तनात फारसा फरक पडलेला दिसला नाही. एकच मूल एका ठिकाणी प्रामाणिक तर दुसऱ्या ठिकाणी लबाड, असेही दिसले. वर्गातील इतर मुले काय करतात आणि शिक्षकाशी नाते कसे आहे, याचा परिणाम मात्र लक्षणीय होता.

हा निष्कर्ष कोणत्याही धर्मशिक्षकाला अस्वस्थ करणारा आहे, आणि तसे होणे हिताचे आहे. नीतीची माहिती म्हणजे नीती नव्हे, असा त्याचा अर्थ. वचन पाठ करणाऱ्या मुलाला बक्षीस मिळते, पण ते वचन पाळणाऱ्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, असे असेल तर वर्ग स्पर्धा शिकवीत आहे, श्रद्धा नव्हे.

बालमानसशास्त्रानेही काही गोष्टी स्पष्ट केल्या आहेत. ज्याँ पियाजे यांनी १९३२ सालच्या आपल्या ग्रंथात दाखविले की, सुमारे सात वर्षांपर्यंतचे मूल अपराधाचे मोजमाप नुकसानावरून करते. नकळत पंधरा कप फोडणारा त्याला चोरी करताना एक कप फोडणाऱ्यापेक्षा अधिक दोषी वाटतो. हेतू पाहण्याची दृष्टी पुढे येते, आणि तीही विशेषतः बरोबरीच्या मुलांशी खेळताना, नियम ठरवताना व भांडण मिटवताना. जेम्स फाउलर यांनी १९८१ साली श्रद्धेच्या वाढीच्या पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर मूल प्रतिमांतून व मोठ्यांच्या भावनांतून देव जाणते, शाळकरी वयात गोष्टी अक्षरशः खऱ्या मानते, आणि किशोरवयात आपल्या गटाची श्रद्धा ती आपली श्रद्धा असे धरते. ती तपासून स्वतःची करणे त्यानंतरचे. म्हणून पाच वर्षांच्या मुलाला नरकाची भीती घालणे हे त्याच्या वयाशी क्रौर्य आहे, आणि पंधरा वर्षांच्या मुलाला प्रश्न विचारू न देणे हे त्याच्या बुद्धीशी. पुष्कळ तरुण मंडळीपासून दूर जातात ते प्रश्न पडल्यामुळे नव्हे. तो प्रश्न विचारण्याची सोय नव्हती म्हणून जातात.

आणखी एक गोष्ट २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन तरुणांच्या धार्मिक जीवनाच्या मोठ्या पाहणीतून पुढे आली. तरुणांच्या श्रद्धेवर सर्वांत मोठा प्रभाव आईवडिलांचा असतो. आठवड्यातून एक तास भरणारा वर्ग उरलेल्या तासांशी झुंज देऊ शकत नाही, त्यांना पूरक होऊ शकतो एवढेच. बायबलनेही हे काम आधी घराकडेच सोपविले आहे : घरी बसता, वाटेने चालता, निजता-उठता मुलांशी या गोष्टी बोलत जा, अशी त्यातील जुनी आज्ञा आहे. टिळकांच्या घरात तर याचा उलट बाजूनेही प्रत्यय येतो. नवऱ्याने १८९५ साली धर्मांतर केले तरी लक्ष्मीबाईंनी १९०० पर्यंत बाप्तिस्मा घेतला नाही. त्या पाच वर्षांतील वियोग, राग, सोवळे-ओवळे आणि मनाचा हळूहळू झालेला पालट त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त निर्मळपणे सांगितला आहे. आणि त्याच टिळकांच्या घरी अहमदनगरास राहिलेले बालकवी ठोमरे हे ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांच्या प्रतिभेला तेथे माया मिळाली, एवढे पुरेसे होते.

मर्यादा आणि जबाबदारी

मुलाची श्रद्धा हा हळवा विषय असल्यामुळे कायद्याच्या चौकटीचे भान प्रत्येक कार्यकर्त्याला असले पाहिजे. संविधानाचा पंचविसावा अनुच्छेद प्रत्येकाला श्रद्धेचे व धर्मप्रसाराचे स्वातंत्र्य देतो. अठ्ठाविसावा अनुच्छेद सांगतो की, केवळ शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, आणि शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत विद्यार्थ्यावर ते लादता येणार नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाची संमती हवी. मध्य प्रदेशात १९६८ साली धर्मांतरविषयक कायदा झाला, आणि त्याच्या जागी २०२१ साली अधिक कडक कायदा आला. जबरदस्तीने किंवा आमिषाने केलेल्या धर्मांतरात व्यक्ती अज्ञान असल्यास त्यात शिक्षा अधिक आहे.

या कायद्यांविषयी मतभेद आहेत व ते राहतील. परंतु रविवारच्या शाळेपुरता निष्कर्ष सरळ आहे. मंडळीतील मुलांना त्यांच्या घरची श्रद्धा शिकविणे हा त्यांचा हक्क आहे. शेजारचे मूल गोष्ट ऐकावयास येऊन बसले तर त्याच्या आईवडिलांना ते ठाऊक असले पाहिजे. खाऊ, वह्या किंवा फी यांच्या मोबदल्यात कोणाचीही प्रार्थना मागू नये. असे करणे कायद्याला तर धरून नाहीच, पण ख्रिस्ताच्या शिकवणीलाही धरून नाही. त्याने मुलांना जवळ बोलावले, त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, पण त्यांच्याकडून काही लिहून घेतले नाही.

दुसरी जबाबदारी सुरक्षिततेची. जगातील अनेक देशांत, चर्चच्या संस्थांतही, मुलांचे शोषण झाल्याचे आणि ते दडपले गेल्याचे उघडकीस आले आहे. शोषणाची माहिती असूनही पोलिसांस न कळविणे हा भारतात २०१२ च्या बालसंरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. वर्गात नेहमी दोन प्रौढ असावेत, मुलाची तक्रार खोटी असे आधीच धरू नये, मंडळीची अब्रू मुलापेक्षा मोठी मानू नये. शारीरिक शिक्षेला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळांत बंदी आहे. मग प्रीतीचा धर्म शिकविणाऱ्या वर्गात छडी कशासाठी?

आपल्या भागापुरते

सौंसर-पांढुर्ण्यासारख्या भागात मोठ्या शहरासारखी साधने मिळणार नाहीत. पाचपंचवीस मुले, एखाददुसरा शिक्षक, तोही नोकरी किंवा बाग सांभाळून आलेला. पण लहान वर्गाचा फायदाही आहे : प्रत्येक मूल नावाने ओळखता येते, त्याच्या घरी जाता येते. संत्र्यांच्या तोडणीच्या दिवसांत मूल का आले नाही, हे शिक्षकाला विचारावे लागत नाही.

येथल्या वर्गाने येथलेच प्रश्न घ्यावेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या काठी गोटमार होते. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये दगड चालतात, दर वर्षी माणसे जखमी होतात, आणि काहींचे जीवही गेले आहेत. परंपरेचा अभिमान आणि शेजाऱ्याच्या रक्ताचे मोल यांचा हिशेब येथल्या मुलाला लहानपणीच करावा लागतो. शांती करणारे धन्य, ही शिकवण अशा गावात पुस्तकातली राहत नाही. जखमींना पाणी देणारा, पट्टी बांधणारा मुलगा तिचा अर्थ जाणतो. तसेच शेतकऱ्याच्या घरचे कर्ज, दारू, मोबाइलवरचा जुगार, जातीचा उपहास हे विषय मुलांच्या घरांत आहेतच. ते वर्गाबाहेर ठेवले तर मूल समजते की देवाचा आणि आपल्या घराचा काही संबंध नाही.

महाविद्यालयातील विद्यार्थी येथे पुष्कळ करू शकतात. दहा वर्षांचे मूल पाळकांचे भाषण विसरते, पण आपल्याशी चेंडू खेळणाऱ्या, गणित समजावून देणाऱ्या आणि हरल्यावर चिडचिड न करणाऱ्या दादाला किंवा ताईला विसरत नाही. महिन्यातून दोन रविवार, एक तास, एवढेही पुष्कळ आहे. आणि हे काम चर्चमध्येच करावे असे नाही. ज्याचा जो धर्म, ज्याची जी वस्ती, तेथे मुले आहेतच. एवढे मात्र खरे की, शिकविणाऱ्याने आधी स्वतःला तपासावे. परीक्षेत नक्कल करून आलेल्या दादाने प्रामाणिकपणाची गोष्ट सांगितली तर मुले ती गोष्ट ऐकतात आणि दादाला ओळखून ठेवतात.

श्रद्धा देता येत नाही, तिच्यासाठी जागा करता येते. भीती नसलेला वर्ग, आपली भाषा, हाताला काम, प्रश्नाला मुभा आणि शब्द पाळणारी चार मोठी माणसे, एवढी सामग्री जमली तर बाकीचे काम मूल आपल्या वेळेने करते. मराठी ख्रिस्ती मंडळीच्या दीर्घ अनुभवाचे हे सार कोणत्याही धर्माच्या आणि कोणत्याही वस्तीच्या शिक्षकाने पडताळून पाहावे.